पाणी न लागलेली होडी

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात एकच होडी विकत घेतली, आणि ती निवडताना एकच गोष्ट पाहिली. तिला पाणी लागलेलं नसावं.

ही चेष्टा नाही. तो मोटार मेकॅनिक होता. औरंगाबादेत जळगाव रोडला त्याचं गॅरेज होतं आणि जुन्या गाड्या पारखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सिल्लोडपासून पैठणपर्यंत कुणालाही जुनी जीप घ्यायची झाली की आधी याला बरोबर नेत. त्याचे नियम ठरलेले होते. ताज्या रंगाची गाडी घ्यायची नाही, कारण रंगाखाली काहीतरी झाकलेलं असतं. पायाखालची चटई उचलून वास घ्यायचा. आणि समुद्राकाठची गाडी फुकट दिली तरी आणायची नाही. "गाडी अपघातानं मरत नाय, पाण्यानं मरती," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसायचा, त्यामुळं आमच्या गाड्या दीर्घायुषी होत्या.

लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर 'अहो' म्हणायचे. कागदावर बाईला तेवढी मोकळीक असते.

होडीचं खूळ त्याच्या डोक्यात घातलं ते अजिंठ्याची लेणी बघायला आलेल्या एका परदेशी जोडप्यानं. त्यांची गाडी फर्दापूरला बंद पडली. बरोबर दोन लहान मुलं. गाडीचा लागणारा भाग आपल्याकडं कुठंच मिळेना, तेव्हा नवऱ्यानं तो स्वतः घडवायला घेतला, आणि तो घडेपर्यंत ते कुटुंब आमच्या घरी जेवायला होतं. मी शाळेत शिकवत असल्यामुळं दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यांना घर नव्हतं. ते शिडाच्या एका जुन्या होडीत राहत; ती मुंबईला लावून, कुणाची तरी विलायती गाडी मागून घेऊन ते इकडं आले होते. कुटुंबाला नवी होडी लागतच नाही, ते म्हणाले. जुनी घ्यावी, लहान घ्यावी, नवराबायकोला दोघांनाच आवरता येईल अशी घ्यावी, आणि उबदार पाण्यात फिरावं म्हणजे मुलं दिवसभर पाण्यात खेळतात आणि कपड्यालत्त्याचा पसारा लागत नाही.

"उबदार म्हंजी?" नवऱ्यानं मला विचारलं. "आपल्या गच्चीवरच्या टाकीवानी?"

मे महिन्यात आमच्या टाकीतल्या पाण्यात चहापत्ती टाकायचीच काय ती बाकी असायची. मी हो म्हणाले. विषय संपला, असं मला वाटलं. ते लोक जाताना जुन्या होड्यांच्या चित्रांचं एक मासिक देऊन गेले. ते नवऱ्यानं गॅरेजात कॅलेंडरशेजारी खिळ्याला अडकवलं आणि तिथंच ते बरीच वर्षं काळं होत राहिलं.

मग त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं.

डॉक्टरांनी सांगितलं, जड उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत, रागवायचं नाही. जड उचलल्याशिवाय आणि रागावल्याशिवाय गॅरेज चालवलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. ते चाचांनी बघायचं ठरलं. चाचा म्हणजे शेजारचे रेडिएटरवाले. दोघं तरुणपणी एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले होते आणि तेव्हापासून रोज भांडत होते. नवरा घरी बसला.

आधी हा माणूस कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याचा आवाज आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. बॉनेटवर हात टेकवून उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला तो हाकलून द्यायचा, मग ते गिऱ्हाईक फौजदार का असेना. भाजीत मीठ कमी पडलं तर शेजारणीला कळायचं. ऑपरेशननंतर तो फक्त 'बरं' म्हणायला लागला. अळणी भाजी वाढली, बरं. औषध घ्या, बरं. चाचा संध्याकाळी येऊन गॅरेजची हकिगत सांगत, मुद्दाम चुकीचं काहीतरी सांगत, हा भडकेल म्हणून. तोही 'बरं'. मग भिंतीकडं तोंड करून पडायचा. लग्न झाल्यापासून मी देवाकडं एकच मागत आले होते, याची जीभ जरा आवर. देवानं ऐकलं. तेव्हापासून मी देवाकडं काही मागताना विचार करून मागते.

मला माझा भांडखोर नवरा परत हवा होता. होडी मला नको होती, हे स्पष्ट सांगते.

एक दिवस चाचांनी गॅरेज झाडताना ते मासिक काढून घरी आणलं. नवऱ्यानं ते बराच वेळ चाळलं आणि म्हणाला, "जुनी होडी नुसती बघायला काय हरकत हाय?"

किती दिवसांनी त्याच्या तोंडून 'बरं' सोडून पूर्ण वाक्य आलं होतं. त्यानं जुना हत्ती बघू म्हटलं असतं तरी मी डबा बांधला असता. "काहीच हरकत नाही," मी म्हणाले.

घरात बैठक बसली. कॉलेजात जाणारी आमची मुलगी म्हणाली, संडासाला दार पाहिजे आणि दाराला आतून कडी पाहिजे. मी म्हणाले, परात ठेवून भाकरी थापता येईल एवढी सपाट जागा पाहिजे आणि स्टोव्हला वारा लागायला नको. चाचांना नमाजाची काळजी होती, होडी गोल फिरली तर तोंड कुठं करायचं. मग त्यांनाच आठवलं की कोकणात समुद्र पश्चिमेला असतो. "समंदर की तरफ मूं किया, हो गया," ते म्हणाले आणि त्यांचं समाधान झालं. ते येणार हे कुणी ठरवलं नव्हतं, पण विचारायचा प्रश्नच नव्हता. मोठा समुद्र नको, किनाऱ्याकिनाऱ्यानं आणि खाडीतून फिरता येईल अशी होडी, चौघांना पाय पसरून झोपता येईल एवढी, आणि जुन्या जीपच्या किमतीत बसणारी, असं ठरलं. पोहता येतं का, हा प्रश्न मुलीनं विचारला. चौघांत मला एकटीला येत होतं, तेही माहेरच्या विहिरीत शिकलेलं. समुद्राला काठ एकाच बाजूला असतो ही गोष्ट मला तिथं पोचल्यावर खटकली.

सुट्टी लागल्यावर आम्ही जीप घेऊन निघालो. गाडी चाचा चालवत होते, कारण नवऱ्याला मनाई होती. तो शेजारी बसून गिअरचा आवाज ऐकत होता आणि काही बोलत नव्हता. चाचा घाटात वाट्टेल तसे गिअर टाकत होते, ते याच्यासाठीच. मागं बसलेल्या आम्हा दोघींची हाडं खिळखिळी झाली, पण नवरा शांत.

पहिली होडी अलिबागकडची, फायबरची. पांढरी, गुळगुळीत, आत दोन बाकं आणि स्वयंपाकाला एक ओटा. मला आवडली. नवऱ्यानं तिच्यावर टिचकी मारली, कान लावला, पुन्हा मारली. "बादली हाय," तो म्हणाला. आम्ही पुढं निघालो.

दुसरी हर्णैच्या बाजूला, एका मच्छीमाराची. लाकडी, भक्कम, पाण्यात बदकासारखी बसलेली. शीड जरा ठिगळाचं, पण डोलकाठी सरळ. तिला नुकताच निळा रंग दिला होता. नवरा वाकला आणि त्यानं नखानं रंग खरवडला. मालकाच्या कपाळावर आठी आली.

"नवा रंग का दिला?" नवऱ्यानं विचारलं.

"दरवर्षी देतो."

"दरवर्षी? म्हंजी दरवर्षी सडती?"

मालकानं ज्या नजरेनं आमच्या जीपच्या नंबरप्लेटकडं पाहिलं ती मला अजून आठवते. नवऱ्यानं होडीच्या आतली फळी उचलली, खाली हात घातला आणि ओला हात आम्हाला दाखवला. त्याच्या लेखी खटल्याचा निकाल लागला होता. परतताना तो चाचांना समजावून सांगत होता, रंग कसा ओळखायचा, ओल कशी ओळखायची, माणूस कसा फसतो. किती दिवसांनी तो शिकवत होता! चाचा "हौ, हौ" करत होते. मी मागं बसून ऐकत होते आणि आतून सुखावत होते. म्हणून मी मध्ये बोलले नाही. होडी ओलीच असायची, असं सांगायची अक्कल मला होती की नव्हती हे आता ठरवण्यात अर्थ नाही.

तिसरी होडी दापोलीच्या अलीकडं, एका काजूच्या बागेत. समुद्र तिथून दिसतही नव्हता. पत्र्याच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवलेली, वर ताडपत्री. एका हौशी माणसानं ती स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घेतली होती आणि तो वारला होता. मुलगा पुण्याला बँकेत. त्याला होडीतलं काही कळत नव्हतं आणि ते तो मोकळेपणानं सांगत होता. "बाबा गेल्यापासून पाण्याला लावलेली नाही," तो म्हणाला. "कितीतरी उन्हाळे गेले."

नवऱ्यानं ताडपत्री उचलली. होडी सागाची होती. रंग मूळचा, कुठंही ताजा हात नाही. त्यानं आत बोट फिरवलं आणि बोटाला आली ती धूळ, आपल्या गॅरेजात येते तशी कोरडी, पिठासारखी धूळ. त्यानं तळातली फळी उचलली, डोकं आत घातलं आणि वास घेतला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मी लग्नात पाहिला होता तसा होता.

"कोरडी ठणठणीत," तो म्हणाला. "पाण्याचा थेंब नाय."

फळ्यांच्या सांध्यांत फटी होत्या. मी पाहिल्या. मुलीनं एकीत आगपेटीची काडी घालून पाहिली, ती सहज गेली. "पप्पा, हे असंच असतं?" तिनं विचारलं. "हवा खेळती राहावी म्हणून ठेवत्यात," नवऱ्यानं सांगितलं. त्याला हे कुणी सांगितलं होतं ते ठाऊक नाही, पण तो इतक्या खात्रीनं बोलला की पुण्याच्या मुलानंही मान हलवली. संडासाला दार होतं, आतून कडीही होती. परातीला जागा होती. सौदा झाला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर घालून ती खाडीवर आणली. आम्ही जिथं उतरलो होतो त्या खानावळीच्या मालकीणबाई, त्यांच्या घरची मंडळी, वाडीतली माणसं, सगळे जमले. मी होडीला हळदकुंकू लावलं. मुलीनं नारळ फोडला. चाचा आणि वाडीतल्या माणसांनी ती भरतीच्या पाण्यात ढकलली. नवऱ्याला ढकलायला मनाई होती, तेव्हा तो आधीच आत सुकाणूपाशी बसला होता.

ती तरंगली. टाळ्या झाल्या. मग गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "आत पाणी येतंय." नवऱ्यानं हात हलवला, किरकोळ आहे अशा अर्थानं. पाणी एका जागेतून येत असेल तर माणूस तिथं बोळा कोंबतो. ते सगळीकडून येत होतं, ज्वारीच्या चाळणीतून यावं तसं. होडी कलली नाही की उलटली नाही. ती सरळ, मोठ्या अदबीनं खाली गेली आणि वाळूवर टेकली. नवरा सुकाणू धरून कमरेएवढ्या पाण्यात बसला होता. फक्त डोलकाठी वर राहिली, तिला मुलीनं बांधलेली झेंडूची माळ होती.

लोक हसले. वाईटपणानं नाही, पण खूप हसले. मीही हसले असते. तेवढ्यात मी नवऱ्याचा चेहरा पाहिला.

तेव्हा मला माहेरच्या बैलगाडीचं चाक आठवलं. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, आरे खुळखुळतात, वरची लोखंडी धाव सैल होते. मग चाक ओढ्यात नाहीतर हौदात भिजत घालतात. लाकूड फुगतं आणि चाक पुन्हा घट्ट होतं. शेतकऱ्याच्या पोरीला हे कालच आठवायला हवं होतं. लोक दोर बांधून होडी बाहेर ओढायच्या तयारीत होते. मी ओरडले, "राहू द्या तिला पाण्यात. भिजू द्या." मालकीणबाईंनीही मान डोलावली. मी नवऱ्याला सांगायला गेले, चाकाचं सांगितलं. तो म्हणाला, "बरं."

खोलीवर जाऊन तो भिंतीकडं तोंड करून पडला.

सगळा दिवस तसाच गेला. दुसराही. चाचा जाऊन होडीवर ओली पोती टाकून येत, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या फळ्या वाळू नयेत म्हणून. येऊन नवऱ्याला सांगत, "उस्ताद, लकडी फूल रही. चलके देखो तो." हा म्हणायचा, तुम्ही बघा. मुलगी म्हणाली, पप्पा, मासे शिरलेत होडीत. बरं. जेवायला मालकीणबाईंनी सोलकढी दिली, तो प्यायला, आवडली की नाही कळलं नाही. गाडी पारखण्यात जो कधी फसला नाही तो सगळ्या वाडीसमोर फसला होता, आणि आता त्याला राग यायला हवा होता, पुण्याच्या मुलाचा, चाचांचा, माझा, कुणाचाही. राग येत नव्हता. मला भीती वाटायला लागली. ऑपरेशनच्या वेळी वाटली होती त्यापेक्षा जास्त.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीच भडकले. घरात कुणीतरी भडकायला हवंच होतं. मी त्याला म्हणाले, "मी चालले होडीत बसायला. तुम्ही लोळा."

आणि खरंच गेले. अर्धी भरती होती. नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात शिरले, बुडालेल्या होडीत चढले आणि फळीवर जाऊन बसले. पाणी छातीच्या जरा खाली लागत होतं. काठावर वाडीतल्या दोन बाया थांबल्या, मग आपसात काही बोलून पुढं गेल्या. पाणी उबदार होतं. त्या परदेशी लोकांचं म्हणणं खोटं नव्हतं. संतापानं कापत बसायला ते फार बरं पडतं.

बऱ्याच वेळानं नवरा काठावर आला. मुलीनं पाठवला असणार.

"बाहेर ये."

"नाही येत."

"लोकं बघायलीत."

"परवा पण बघत होते. तुम्ही या आत."

त्यानं एकदा मागं वळून वाडीकडं पाहिलं. मग चपला काढल्या, पॅंट दुमडली, त्याचा काही उपयोग नव्हता, आणि आला. समोरच्या फळीवर बसला. आम्ही दोघं बुडालेल्या होडीत समोरासमोर बसलो, मध्ये पाणी आणि त्यात एक छोटा मासा.

"मला वाटलं हुतं, एवढं तरी नीट करीन," तो म्हणाला. मग थांबला. मला वाटलं, आता 'बरं' येणार. "एखाद्या दिवशी गॅरेजवर गेलं की चाचा खुर्ची टाकतो. पंखा लावतो. गिऱ्हाईक नमस्कार करून त्याच्याशी बोलतं. घरी तू पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नायस. मी कशाला हाय मग? कुणी मला काम सांगंना का चूक काढंना. त्या दवाखान्यात मला मरायची भीती वाटली न्हवती एवढी आता वाटती, असंच बसून राहायची."

मी म्हणाले, "मला तुम्ही जाल याची भीती वाटते. रोज वाटते. सकाळी तुमच्या आधी उठते आणि श्वास बघते. म्हणून तांब्या उचलू देत नाही." हे मी त्याला आधी कधी सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर मला तोंडावर पदर घ्यावासा वाटला, पण पदर पाण्यात होता.

 त्याचे हात पाण्याखाली होते. ते बाकावरून होडीच्या कडेला गेले आणि सवयीनं चाचपायला लागले. मग थांबले. तो पुढं झुकला. अंगठ्याचं नख एका सांध्यावरून फिरवलं, परत फिरवलं. दुसऱ्या सांध्यावर गेला. नख आत जात नव्हतं. तो उठला, कडेकडेनं वाकत, हनुवटी पाण्याला टेकवत प्रत्येक सांधा बघत माझ्यापर्यंत आला. माझ्या मांडीमागं हात घालून काहीतरी शोधायला लागला.

"ऊठ," तो म्हणाला.

"का?"

"ऊठ म्हंतो ना! बुडाखाली सांधा दाबून बसलीस, मला काय दिसंल? आणि ही पोती कुणी टाकली अशी? एका बाजूला हायत, एका बाजूला नाय. निम्मी फुगंल, निम्मी वाळंल, अक्कल हाय का नाय एकालाबी? कुठं गेला तो? चहा ढोसत बसला असंल. त्याला म्हणावं सांध्यांत भरायला कापूस आण, डांबर आण, नुसता उस्ताद उस्ताद करू नकोस!"

आवाज खाडीच्या पलीकडं गेला. झाडावरचे बगळे उडाले.

मी उठले. पाण्यातून कशीबशी काठावर आले, पाठ फिरवून पदर पिळला आणि रडले. चाचा हातात कप घेऊन उतारावरून येत होते.

"क्या हुआ भाबी? कुछ हुआ क्या?"

"जा लवकर," मी म्हणाले. "शिव्या देतायत तुम्हाला."

"सच्ची?" चाचा म्हणाले, आणि कप वाळूत टाकून धावत सुटले.